समस्त इनामदारांचं पान एकतीस

केडगाव, ता. दौंड
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप म्हाळसाआत्यांच्या पायांवर प्रगतीचं डोकं (मनातल्या मनात, कारण प्रत्यक्ष ठेवायला आले की तुम्ही "जेवलीस का" विचारता आणि विषय राहून जातो). मामांनाही नमस्कार. त्यांचा गुडघा आता जिना चढू देतो का? गच्चीवरच्या तुमच्या मिरच्या या उन्हात तगल्या का? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, पण तुम्ही वीस वर्षं शिरूर डेपोत कंडक्टर होतात, विनातिकीट माणूस नुसत्या बसण्यावरून ओळखायचात, तेव्हा खोटं लिहून उपयोग नाही. आजारी कोणी नाही, एवढं खरं. आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. आई बोलते, पण भांड्यांमार्फत. मी सकाळपासून घर तीनदा झाडलं, दोनदा स्टेशनपर्यंत जाऊन आले (काम काही नव्हतं, एक मालगाडी बघितली), आणि हे पत्र चौथ्यांदा सुरू केलं आहे.

फोन का केला नाहीस, असं विचाराल. आत्या, तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. माझा बी.ए.चा निकाल तुम्हाला सांगितला तेव्हा अभिनंदनाचा पहिला आवाज आला तो तुमच्या शेजारच्या पिठाच्या गिरणीतून. आजची गोष्ट गिरणीला सांगण्यासारखी नाही.

तर गोष्ट अशी, की माझं जमलेलं लग्न मोडलं. मोडलं ते मीच, चुकून, अडीचशे इनामदारांसमोर, हातात छडी घेऊन. मला त्याचं दुःख अजिबात झालेलं नाही हे आधीच स्पष्ट करते. मला एम.ए. करायचं आहे, गावात मुलींसाठी वाचनालय काढायचं आहे, आणि देशापुढं इतके प्रश्न असताना एका मुलीच्या लग्नाचं एवढं काय, अशा मताची मी पहिल्यापासून आहे. पण इकडच्या माणसांकडून तुमच्या कानावर काहीतरी वेडंवाकडं येईल, म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

पौषात आमच्या भागातल्या नानांनी (सोसायटीचे माजी चेअरमन, माजी झाल्यापासून त्यांना वेळ फार) समस्त इनामदार स्नेहमंडळ काढलं. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत जेवढे म्हणून इनामदार नाव कमावून बसलेत, त्यांचा एक ग्रंथ काढायचा, 'इनामदार रत्ने'. लिहिणार कोण? नाना बैठकीत म्हणाले, "पोरगी इतिहासात बी.ए. हाय आन् फुकाट हाय." ठराव मंजूर झाला. आत्या, मी हे काम देशसेवा म्हणून घेतलं. दोन दिवस बसून प्रस्तावना लिहिली. पान चारवर आहे. त्यात लिहिलं की इनाम ज्याला मिळालं तो इनामदार. मग तो मराठा असो, ब्राह्मण असो की मुसलमान असो. हे आडनाव रक्ताचं नाही, कागदाचं आहे. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते आरशासमोर दोनदा वाचलं.

नियम दोनच होते. एक, आडनाव इनामदार पाहिजे. दोन, आलेली सून आपली, गेलेली लेक त्यांची. या दुसऱ्या नियमापायी तुम्ही ग्रंथात नाही. मी खूप भांडले. म्हटलं, भर यात्रेच्या गर्दीत शंभर माणसांच्या गाडीत एका दारुड्याला धरून न्हावऱ्याच्या फाट्यावर उतरवणारी बाई रत्न नाही, तर कोण आहे? नाना म्हणाले, "म्हाळसाक्का आता इनामदार ऱ्हायली कुठं? आधार कार्डावर बघ. ती गव्हाण्यांची." (आणि हेच नाना भाऊबीजेला ओवाळून घ्यायला तुमच्याकडं येतात, तेव्हा आधार कार्ड बघत नाहीत.)

रत्नं मात्र एकेक अशी सापडली की आठ दिवसांत मला वाटायला लागलं, एका आडनावाखाली देवानं सगळं दुकानच मांडलंय. दगडू पैलवान बघा. वय ऐंशी. तरुणपणी एका यात्रेत त्यांना ज्यानं चितपट केलं, त्याला पुढं मोठी गदा मिळाली. माझ्या फॉर्ममधल्या 'मिळालेले पुरस्कार' या रकान्यात पैलवानांनी ती गदा लिहिली आहे. म्हटलं, तात्या, ही तर त्यांची. तर म्हणाले, "मी पडलो न्हसतो तर त्येला मिळाली असती व्हय?" मी रकाना तसाच ठेवला, नुसतं कंसात 'अप्रत्यक्ष' घातलं. मग शिरूरचे इनामदार गुरुजी. त्यांना मी माहिती मागणारं पत्र पाठवलं. ते तांबड्या शाईनं दुरुस्त होऊन परत आलं, खाली दहापैकी सहा गुण आणि 'अक्षर सुधारावे'. माहिती काहीच नव्हती. (ग्रंथात त्यांच्याबद्दल मी एवढंच लिहिलं आहे की ते अजून शिकवतात.) पप्पू इनामदार, डीजेवाला, त्याला 'कला' विभागात यायचं होतं, गुरुजी त्याच विभागात होते आणि त्यांनी नाव काढून घ्यायची धमकी दिली, शेवटी पप्पूला 'ऊर्जा' असा नवा विभाग काढून दिला.

सगळ्यात माझ्या मनात बसले ते दौंडचे अमजदचाचा. चौतीस वर्षं मालगाडी चालवली. मी विचारलं, आयुष्यात काय केलंत असं वाटतं? म्हणाले, "थांबलो, बेटा. मागनं एक्सप्रेस येती, आपण बाजूला थांबायचं. थांबणं ही पण नोकरीच हाय." मला हे फार पटलं, पण जमत नाही, ऐकताना मी उभीच होते. त्यांची बायको शहाबानोचाची आरोग्य खात्यातली नर्स. अर्ध्या तालुक्याच्या दंडाला तिची सुई माहीत आहे. करोनाच्या लसीच्या वेळी नाना तिला बघून उसात शिरले होते, ते तिनं फॉर्ममध्ये तारखेसकट लिहिलं. या दोघांच्या नावाला बैठकीत थोडी कुरबुर झाली, 'आपल्यातले कसे' वगैरे. मी उभी राहून पान चार मोठ्यानं वाचून दाखवलं. कुरबुर थांबली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की शिक्षणाचा उपयोग होतो. चाचा बाहेर आल्यावर म्हणाले, "पुस्तकात घातलंस, लई झालं. आता तुमच्या भावकीत नको घालू. तिथं भांडणं हायेत." तेव्हा मी हसले होते.

आता तो मुलगा. सत्यजीत इनामदार, दौंडकडचा. आयटीआय झालेला, रांजणगावला कंपनीत मेंटेनन्सला. स्थळ नानांनीच आणलं. आडनाव एकच म्हणून आप्पा बिचकले, तर नाना म्हणाले, "आडनाव एक असलं म्हून काय झालं? त्यांचं इनाम येगळं, तुमचं येगळं." बघण्याच्या कार्यक्रमात मी माझ्या अटी वाचून दाखवल्या (नऊ होत्या, आईनं चौथीला मला चिमटा काढला). मानपान नाही, एम.ए. करणार, वगैरे. तो म्हणाला, "एम.ए. करा की. माझी नाईट असली की घर रिकामंच असतंय, अभ्यास होईल." एवढंच. त्यात काही विशेष नाही. पुढं त्याच्याकडं दौंड बाजूचे फॉर्म गोळा करायचं काम आलं, म्हणून तो आठवड्यातून दोनदा मोटरसायकलवर कागद घेऊन यायचा. कागद एका वेळी पण आणता आले असते, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय. सुपारी फुटायची ती मेळावा झाल्यावर, असं ठरलं.

आणि इथं घंटा आली. शिवेवरच्या खंडोबाच्या देवळात एक घंटा आहे, तुम्हाला माहीतच आहे. तिच्यावर कोरलं आहे, 'हौसराव मल्हारराव इनामदार यांजकडून'. आपल्या घरात एका पिढीआड हौसराव आणि मल्हारराव. पण सत्यजीतच्या घरातही तेच! जेजुरी इतकी जवळ, दर दुसऱ्या घरात मल्हारराव असतोच. घंटा आमच्या हौसरावाची, असं आपली माणसं म्हणतात. त्यांची म्हणतात, आमच्या. मंडळाच्या प्रत्येक बैठकीत दहा मिनिटं स्नेह आणि दोन तास घंटा. मला ते बघवेना. एवढी मोठमोठी माणसं, आणि एका घंटेपायी एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत! मी विचार केला, दोन हौसराव कशाला? हौसराव एकच धरला तर? त्याला दोन मुलं, थोरल्याचा वंश आपला, धाकट्याचा त्यांचा. सनावळी साधारण जुळत होती (साधारण म्हणजे पंधरा-वीस वर्षांच्या फरकानं, पण इतिहासात तेवढं होतं). पुरावा म्हणून दोन्ही घरांची सगळी माहिती एकाखाली एक मांडली. वंशावळीचा तक्ता तयार. पान एकतीस. नानांनी त्याचा आठ फुटांचा फ्लेक्स केला.

गेल्या रविवारी चौफुल्याच्या मंगल कार्यालयात मेळावा. मी नवी साडी नेसले होते. छडी घेऊन फ्लेक्सवर दाखवत गेले, हे हौसराव, हे त्यांचे दोन पुत्र, आणि घंटा दोघांची! आत्या, काय टाळ्या पडल्या. दोन्हीकडची म्हातारी माणसं उठून एकमेकांच्या गळ्यात पडली. पप्पूनं विचारल्याशिवाय संगीत लावलं. आप्पांनी फेटा सारखा केला आणि शेजारच्याला सांगितलं, "माझी हाय ती." आयुष्यात एवढं सुख मला झालं नव्हतं. ते सव्वा मिनिट टिकलं.

पुढच्या रांगेत सत्यजीतची चुलत आजी बसली होती, अनसाबाई. त्यांनी चष्मा पुसला आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. संगीत थांबलं तेव्हा त्यांचा एकटीचाच आवाज चालू होता. "आमचा सत्या ह्या मूळ पुरुषापासनं खाली सातवा. आन् ही पोर पण हितनं खाली सातवी. म्हंजी... अगं बया! ही तर त्येची भन लागती की!"

गळ्यात पडलेली दोन्हीकडची म्हातारी माणसं हळूच एकमेकांपासून सुटी झाली. दगडू पैलवान म्हणाले, "कालपातूर नवरी हुती." मागून कोणीतरी बाई म्हणाली, "मग काय, राखीपुनवेला बोलवा तिला." अमजदचाचांना वाटलं जरा वातावरण हलकं करावं, ते म्हणाले, "आमच्यात असतं तर ह्याच तक्त्यावर लगीन लावलं असतं. तुमचं अवघडच हाय." कोणी हसलं नाही. फक्त सत्यजीत हसला. त्याच्या वडिलांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो उठून पाण्याच्या पिंपाकडं गेला आणि चार ग्लास पाणी प्यायला. मी छडी घेऊन तशीच उभी. छडीचं टोक चुकून त्याच्याच नावावर होतं.

संध्याकाळी दौंडहून निरोप आला. एका कुळात सोयरीक नको, जमलेलं विसरावं. आप्पा त्या घटकेपासून बोललेले नाहीत. मी नानांकडं गेले, म्हटलं, मला तक्त्याबद्दल पुन्हा एकदा तपासायचंय. नाना पान थुंकून आले आणि म्हणाले, "प्रगती, टाळ्या पडल्यात. घंटा मिटली. एक लगीन मोडलं तर दुसरं जमंल, पर हा मेळावा मोडला तर परत जमायचा न्हाई. तू नगं आता अभ्यास करू." शुक्रवारी सकाळी ग्रंथ दौंडच्या छापखान्यात जाणार. हजार प्रती. एकदा पान एकतीस छापलं, की ते घरोघरी जाणार आणि सत्यजीत आणि मी जन्मभर भाऊबहीण, पुराव्यासकट.

असो. मला सुटल्यासारखं वाटतंय. खरंच. भरपूर वेळ मिळतो. एम.ए.चं पहिलं पुस्तक उघडलं आहे, पान एकवर आहे, रविवारपासून. मोटरसायकलचा आवाज आला की उठते, ते केवळ दूधवाला असेल म्हणून. (दूधवाला सायकलवर येतो.)

पत्र लिहायचं कारण एवढंच, की शेवटच्या पानावर मी स्वतःच्या अधिकारात 'माहेरवाशिणी' असा विभाग घालणार आहे, नानांना न विचारता. त्यासाठी तुमचा गणवेशातला एक फोटो, खांद्याला तिकिटांची पिशवी असलेला, शुक्रवारच्या आत मिळावा. बाकी काही नाही. मामांना गुडघा शेकायला सांगा. उन्हात गच्चीवर जाऊ नका, मिरच्यांना त्यांचं कळतं.

तुमची भाची,
प्रगती (बी.ए., आणि सध्या सगळ्यांची बहीण)

ता.क. फोटो नंतर पाठवला तरी चालेल. आत्या, दुसरंच विचारायचं आहे. फॉर्ममध्ये 'देवक' असा एक रकाना होता. एका देवकाची माणसं एका कुळाची, त्यांच्यात लग्न होत नाही. देवक वेगळं तर कूळ वेगळं, हे तुम्हाला मी काय सांगणार. सत्यजीतच्या घरचं देवक कळंबाची डहाळी, ते नक्की आहे. आपल्या घरचा रकाना आप्पांनी रिकामा सोडला होता, "आईला ठाऊक हुतं" म्हणाले (म्हणजे आजीला, ती तर गेली). आणि मी, इतिहासाची विद्यार्थिनी, तक्ता अर्धवट दिसू नये म्हणून तिथं 'वरीलप्रमाणे' असं लिहून टाकलं. वरच्या ओळीत त्यांचं होतं. म्हणजे माझ्या तक्त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे माझाच आळस. काल आप्पांना आईमार्फत विचारलं, तुमच्या लग्नात देवक कशाचं बसवलं होतं? ते भिंतीला म्हणाले, "काय तरी पानं हुती. मी मुंडावळ्या सावरत हुतो." मग आईनं सांगितलं, आजोबा तेव्हा नव्हते, म्हणून मारुतीच्या देवळातून देवक वाजत गाजत आणलं ते तुम्ही आणि मामांनी, जोडीनं. आत्या, हातात कशाची डहाळी होती? अडीचशे इनामदारांत हे कोणाला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे, त्या आमच्या नियमाप्रमाणे इनामदार नाहीत.

ता.क. दुसरं. डहाळी कळंबाची नसेल, तर शुक्रवारच्या आत छापखान्यात जाऊन मी पान एकतीस काढून घेईन, आणि मंडळाची बैठक बोलावून सगळ्यांसमोर सांगेन की हौसराव दोन होते आणि चूक माझी आहे. घंटेचं भांडण पुन्हा पेटेल. नाना म्हणतील, शिकलेल्या पोरीला काम दिलं की असं होतं. आप्पांचा फेटा खाली येईल, त्याचंच वाईट वाटतं. पण शुद्धिपत्र मी लिहून ठेवलं आहे, फक्त झाडाचं नाव कोरं सोडलंय. या वेळी अंदाजानं भरलेलं नाही. तुम्ही दोन ओळी सहीनिशी दिल्या तर मला उभं राहायला बळ येईल. स्वतः आलात तर अनसाबाई मोजायच्या थांबतील. आणि डहाळी कळंबाचीच असेल, तर तेही खरं तेच लिहा. मला बरं वाटावं म्हणून झाड बदलू नका. मी सत्याची बाजू सोडणार नाही. तेवढं उत्तर मात्र साध्या टपालानं पाठवा, सावकाश येऊ दे.

ता.क. तिसरं. साध्या टपालाचं वरचं वाक्य खोडलं असं समजा, कारण हे पत्र टपालानं आलेलं नाही. जो मुलगा पाकीट घेऊन आला आणि आत्ता तुमच्यासमोर पायरीवर बसला असेल, तो सत्यजीत आहे. मी त्याला रविवारनंतर भेटले नाही असं कुठं लिहिलं असेल तर (बहुतेक लिहिलेलं नाही, पण तसं वाटेल असं लिहिलं आहे) ते खरं नाही. पान चार आणि पान एकतीस एकाच पुस्तकात राहू शकत नाहीत, हे त्यानंच काल मला दाखवलं, स्टेशनच्या बाकावर बसून. "रक्ताचं न्हाई म्हणता, आन् मग सात पिढ्या रक्त काढता," म्हणाला. एवढं नेमकं माझ्या प्राध्यापकांनीही कधी वाचलं नाही. पत्रात काय आहे ते त्यानं विचारलं नाही. देवकाचं त्याला ठाऊक आहे, बाकीचं ठाऊक नाही, तेव्हा मोठ्यानं वाचू नका. आणि उत्तर काहीही असलं, तरी आधी त्याला जेवायला वाढा. पहिल्या पाळीवरून तसाच येतोय, आणि उपाशी असला की आपल्याला दुःख झालंय का भूक लागलीय, हे त्याचं त्यालाच कळत नाही.